दोन टेकड्या आणि एक अंगण

नूतन बाल शिक्षण संघ, १९२६ ते २०२६

१९४५ च्या सुमारास डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यातल्या वारली पाड्यांवर परका माणूस दिसला की मुले झाडीत पळत. परका म्हणजे सावकाराचा दिवाणजी, जंगलखात्याचा शिपाई, नाहीतर पोलीस. तिघांतला कोणीही आला तरी घरातले कोणीतरी वेठीला जाणार, हे त्या मुलांना नीट बोलता येण्याआधीच कळत असे. लग्नापायी काढलेल्या कर्जासाठी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारी करायची नाही असे ठरले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

दोन्ही वाटा वेगळ्या होत्या. एक जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्याची, दुसरी अडीच-तीन वर्षांच्या पोरांना आंघोळ घालून गाणी म्हणायला लावण्याची. पण दोन्हींपुढे अडचण एकच होती: माणसांच्या अंगात मुरलेली भीती. संघाचा इतिहास १९२६ पासून सांगायचा असतो आणि तो पुढे सांगितलाच आहे. तरी सुरुवात बोर्डीपासून केली, कारण संघाने शंभर वर्षांत काय केले याचे उत्तर तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. साधने केली, गाणी रचली, पुस्तके लिहिली, शिक्षिका घडवल्या, हे सगळे खरेच. या सगळ्याच्या मुळाशी मात्र एकच काम होते. मूल निर्धास्त राहील, त्याच्या आईला आपले अडाणीपण लपवावे लागणार नाही आणि शिकवणाऱ्या बाईला आपण एकट्या पडलो असे वाटणार नाही, अशी माणसांची जागा उभी करणे. ती जागा कशी उभी राहिली, हेच या लेखात सांगायचे आहे.

भावनगर

पहिली टेकडी भावनगरची. नृसिंहप्रसाद भट्ट, म्हणजे सर्वांचे नानाभाई, यांनी १९१० साली तिथे दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन काढले होते. १९१६ साली त्यात गिजुभाई बधेका आले. त्यांचा जन्म १८८५ चा. तरुणपणी ते काही काळ पूर्व आफ्रिकेत राहून आले होते आणि परतल्यावर वकिली करत होते. १९१३ साली मुलगा झाला, त्याला वाढवायचे कसे या विचाराने वाचू लागले आणि इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या लेखनापर्यंत पोचले. त्यानंतर वकिली सुटली ती सुटलीच. १९२० साली बालमंदिर सुरू झाले आणि १९२२ साली टेकडीवरच्या त्याच्या इमारतीचे उद्घाटन कस्तुरबांच्या हस्ते झाले. मिशीवाल्या या माणसाला गुजरातेत लोक ‘मूछाळी मा’ म्हणू लागले.

बालमंदिरात छडी नव्हती. त्या काळी एवढेही पुष्कळ झाले असते, पण गिजुभाई तिथे थांबले नाहीत. शिक्षा नको तसे बक्षीसही नको, असे त्यांचे म्हणणे होते. बक्षिसाने एक मूल पुढे येते आणि बाकीची खाली मान घालतात. मुलांची आपापसांत तुलना नको, परीक्षेचा धाक नको, भुताची किंवा बुवाची भीती दाखवणे नको. गोष्ट सांगायची ती मुलाला आवडते म्हणून. शेवटी तात्पर्य चिकटवण्यासाठी नव्हे. १९३२ च्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात त्यांनी एका सरकारी प्राथमिक शाळेत असा प्रयोग करणारा कल्पित शिक्षक उभा केला. आजही शिक्षक होऊ पाहणारी मुले-मुली ते पुस्तक वाचतात, आणि त्यातल्या मुख्याध्यापकाच्या शंका आजच्या मुख्याध्यापकांच्या तोंडीही तशाच ऐकू येतात.

१९२३ साली या टेकडीवर ताराबाई आल्या. १९ एप्रिल १८९२ चा त्यांचा जन्म, माहेर केळकरांचे, घरात प्रार्थना समाजाचे वातावरण. १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांनी मिळवली. लग्नानंतर अमरावतीला संसार मांडला आणि तो मोडला. लहान लेकीला घेऊन त्या राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात काम करू लागल्या. मानाची नोकरी होती. ती सोडून गिजुभाईंकडे येताना पगार, पद, सुरक्षितता यांतले काय काय त्यांनी मागे ठेवले असेल, याची कल्पना शंभर वर्षांनंतरही करता येते. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पदरी मूल असलेली बाई त्या काळी कुठेही गेली तरी लोकांच्या नजरा चुकत नसत. भावनगरला त्यांना काम मिळाले, सोबती मिळाले आणि लेकीला शाळा मिळाली.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, गिजुभाईंच्या नेतृत्वाखाली. ताराबाई चिटणीस झाल्या. संघाच्या स्थापनेचे कारण साधे होते. बालमंदिरे इथे-तिथे निघू लागली होती, पण त्यांतला प्रत्येक शिक्षक आपल्या गावात एकटा होता. पालक म्हणत, मुलांना लाडावून ठेवता. शेजारच्या शाळेतला मास्तर हसे. आणि मुलांनी एखाद्या दिवशी खरोखरच गोंधळ घातला तर स्वतःच्या मनातही शंका यायची. अशा माणसाला पाठबळ कोणी द्यायचे? त्यासाठी संघाने संमेलने भरवली, अध्यापकांसाठी वर्ग काढले आणि ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक चालवले. आधी गुजरातीत, पुढे १९३० च्या दशकात ताराबाईंनी मराठीत आणि काशिनाथ त्रिवेदींनी हिंदीत.

या मासिकाचे मोल आपण पुरेसे ओळखले आहे असे मला वाटत नाही. मूल जेवत नाही, खोटे बोलते, धाकट्याला मारते, अंथरूण ओले करते: घरोघरच्या या गोष्टी त्या काळी घराबाहेर बोलायच्या नसत. त्या बोलल्या तर आईची लाज निघे. आईबाप होणे किती अवघड आहे, या विषयावर गिजुभाईंनी स्वतंत्र पुस्तकच लिहिले, आणि त्यात दोष देण्याऐवजी सोबत होती. संघाच्या सगळ्या लेखनाचा सूर हाच राहिला. मुलाला रागावू नका असे सांगताना आईला रागवायचे नाही. हे दिसते सोपे. पण बालशिक्षणावर लिहिणारे कितीतरी जण पालकांवर छडी उगारूनच लिहितात.

दादर आणि मद्रास

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले आणि त्याला जोडून शिक्षिकांसाठी अध्यापक मंदिर. मराठी मध्यमवर्गाला बालमंदिर ठाऊक झाले ते मुख्यतः इथून. इथे शिकलेल्या शिक्षिका गावोगाव गेल्या. दादरवर जास्त लिहिण्याची इथे गरज नाही. त्याचे कौतुक अनेकांनी केले आहे. ताराबाईंना मात्र तिथे एक गोष्ट टोचत राहिली. फी भरणाऱ्या घरातली मुलेच येत होती.

१९३९ साल संघासाठी दुःखाचे आणि विलक्षण योगायोगाचेही ठरले. २३ जूनला गिजुभाई गेले, वय ५३. त्यानंतर पाच महिनेही झाले नसतील, नोव्हेंबरात स्वतः मारिया माँटेसरी मद्रासला उतरल्या. अड्यार नदी समुद्राला मिळते तिथे थिऑसॉफिकल सोसायटीचे आवार आहे. जॉर्ज आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यांना तिथे बोलावले होते. झावळ्यांच्या झोपड्या उभारून वर्ग भरला आणि देशभरातून सुमारे तीनशे शिक्षक शिकायला आले. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि बाई व त्यांचे चिरंजीव मारिओ एका दिवसात ‘शत्रू देशाचे नागरिक’ ठरले. मारिओंना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, स्थानबद्धांच्या छावणीत ठेवले. आईला अड्यारच्या आवाराबाहेर जायला बंदी झाली. ३१ ऑगस्टला बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी मुलाच्या सुटकेची भेट म्हणून व्हाइसरॉयची तार आली. पुढे कोडाईकनालला आणि इतरत्र त्यांचे वर्ग झाले आणि युद्ध संपल्यावरच त्या युरोपात परतू शकल्या. मूल शांततेत वाढले पाहिजे असे जन्मभर सांगणाऱ्या बाईंना युद्धाची सहा-सात वर्षे अशी भारतात काढावी लागली.

मद्रासच्या त्या वर्गातून भारतात माँटेसरी शिक्षण पक्के रुजले, यात शंका नाही. पण त्याचबरोबर एक रेघही ओढली गेली. ठरावीक मापाची, ठरावीक लाकडाची साधने, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत, मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत महाग झाली. शहरांत ‘माँटेसरी’ हे इंग्रजी शाळेच्या पहिल्या पायरीचे नाव झाले आणि आजही पुष्कळ ठिकाणी तेवढेच उरले आहे. ताराबाईंचा माँटेसरींवरचा विश्वास अढळ होता. तरीही साधनांचा तो संच वारल्याच्या पाड्यावर नेता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९३७ पासून गांधीजींच्या नई तालीमची चर्चा देशभर चालू होती आणि तिच्यातला पूर्वप्राथमिक भाग कसा असावा यावर त्या विचार करत होत्या. गरिबांच्या मुलांसाठी जायचे तर गरिबांच्या वस्तीत, त्यांच्याकडे असलेल्याच सामानातून, असे त्यांनी ठरवले.

मद्रासचा उल्लेख इथेच संपवायला मन होत नाही. त्याच शहरात २००३ साली महापालिकेच्या शाळांमध्ये सनदी अधिकारी एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने कृतीवर आधारलेले शिकणे सुरू झाले. त्याच्या मागे ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचा अनुभव होता. मुले गटागटाने जमिनीवर बसली आणि त्यांच्याबरोबर शिक्षकही खाली बसले. चार-पाच वर्षांत ही पद्धत राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. शिक्षकाने खुर्ची सोडून मुलांच्या उंचीला येणे, ही गोष्ट भावनगरला १९२० साली जितकी अवघड होती तितकीच चेन्नईला २००३ साली होती.

बोर्डी

बोर्डी निवडण्याला कारणे होती. आचार्य शं. रा. भिसे तिथल्या हायस्कुलात होते, आदिवासींच्या शिक्षणाची तळमळ असलेला माणूस. बाळासाहेब खेरांनी सुरू केलेल्या आदिवासी सेवा मंडळाचे काम त्या भागात चालू होते. नव्या माणसाला आसरा देणारी ओळखीची माणसे तिथे होती.

ताराबाईंना १९४५ सालीच अनुताई वाघ भेटल्या. कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठीचे शिबिर बोरिवलीला होते, तिथे. १७ मार्च १९१० रोजी मोरगावला जन्मलेल्या अनुताईंचे लग्न लहानपणीच झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. वडिलांनी त्यांना शिकवले. चांदवडला आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिक्षिकेची नोकरी केली. ताराबाईंनी विचारले आणि त्या बोर्डीला निघाल्या. एक नवऱ्यापासून विभक्त, दुसरी बालविधवा. चारचौघांत कुणाच्या नजरेला नजर देताना काय वाटते, हे दोघींना आतून ठाऊक होते. पाड्यावरच्या आयांनी त्यांना शेवटी आपले मानले, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता असे मला वाटते.

सुरुवात बोर्डीतल्याच वस्तीत झाली. सेविका सकाळी घरोघर जात, मुलांना हाताला धरून आणत. मुले रडत, पळत. आया म्हणत, पोर इथे आले तर धाकट्याला कोण सांभाळणार? बरोबर होते त्यांचे. गवतकापणीला, लावणीला आई गेली की सहा वर्षांची पोर कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन घर राखते. तिला शाळेत बोलावायचे तर त्या भावासकट बोलवायला हवे. म्हणून बालवाडीला पाळणाघर जोडले. मुले आली की आधी आंघोळ, नखे, केस. त्यातही काळजी लागते. मूल घाणेरडे आहे असे त्याला किंवा त्याच्या आईला वाटू न देता त्याला स्वच्छ करायचे, हे कसब शिकवावे लागते. संघाच्या प्रशिक्षणात ते शिकवले जाई. आज देणगीदारांना दाखवायला मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो काढले जातात, तेव्हा बोर्डीतल्या त्या सेविकांची आठवण होते. मुलाचा फोटो काढायचा की नाही, तो कुणाला दाखवायचा, हे त्याच्या आईला विचारूनच ठरले पाहिजे.

साधने जमवली ती समुद्रावरची आणि रानातली: शिंपले, गोटे, चिंचोके, गुंजा, पाने, बांबूच्या कांड्या, माती. मोजणे चिंचोक्यांनी, रंग पानाफुलांनी, लहान-मोठे गोट्यांनी. खर्च वाचला हा त्यातला छोटा लाभ. मोठा लाभ असा, की ज्या वस्तूंमध्ये मूल वाढले त्याच शाळेत भेटल्या, तेव्हा ते बिचकले नाही. भाषेचेही तसेच. वारली बोलीत मूल बोलले तर ते चुकले नाही. बाईंना नवा शब्द मिळाला.

कोसबाड

बोर्डीचे केंद्र रुजले, पण ज्यांच्यासाठी ते काढले ते पाडे लांब राहिले. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर नेले. गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतकी संस्था तिथे आधीपासून होती. जयंतराव पाटील तिथे शेतीचे काम करत होते. टेकडीच्या चारी बाजूंना पाडे होते. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या.

कोसबाडला आणखी एक गोष्ट उमगली. पाडे विखुरलेले, चार वर्षांचे पोर टेकडी चढून रोज कसे येणार? मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाकडे न्यायची. पाड्यावरच्या कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणात तासभर मुले जमवायची. हीच अंगणवाडी.

अंगणाबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. शाळेला भिंती असतात आणि भिंतींच्या आत काय चालते ते बाहेरच्याला कळत नाही. अंगणाला भिंती नसतात. समोर ओटीवर म्हातारी तांदूळ निवडत बसलेली आहे, पलीकडे कोणी जाळे विणतो आहे, आणि ही परकी बाई आपल्या नातवंडाशी कशी बोलते, काय खायला देते, रडले तर काय करते, हे सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत चालले आहे. विश्वास ठेवा असे कोणाला सांगावे लागले नाही; त्यांनी रोज बघितले आणि ठेवला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आज आपण नियमावल्या लिहितो, समित्या नेमतो, कॅमेरे लावतो, आणि त्या लागतातच. कोसबाडला हे काम पाड्याच्या नजरेने केले. मुलाभोवती त्याच्या ओळखीची मोठी माणसे असणे आणि त्यांना विचारण्याचा, मध्येच उठून येण्याचा हक्क असणे, ही अंगणवाडीची खरी रचना होती. बघता बघता म्हातारीही गाणे शिकली आणि आईला कळले की न मारताही पोर ऐकते.

त्यानंतर प्रश्न आला गुराख्यांचा. सात-आठ वर्षांची मुले दिवसभर गुरे घेऊन रानात असत. गुरे सोडून शाळेत ये म्हणणे म्हणजे घरातल्या भाकरीवर पाय देणे. म्हणून शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना झाडाखाली धडा. असाच एकेक अडथळा पाहत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली आणि त्या जोडणीला विकासवाडी म्हटले. प्राथमिक शाळा स्वतः चालवावी लागली याचे कारण कडू होते. बालवाडीत बोलके झालेले मूल पहिलीत गेले की छडी आणि घोकंपट्टीपुढे पुन्हा मुके होई. शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला देशाच्या कायद्याने बंदी घातली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, सतराव्या कलमाने. तोवर संघाला ८३ वर्षे झाली होती.

सगळे जमले असे मात्र नाही. भातकापणी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, मिठागरांवर, मुंबईच्या वाटेला लागत, आणि त्यांच्यामागे मुलेही. पावसाळ्यात भरलेली अंगणे माघ-फाल्गुनात रिकामी होत. पोटासाठी घर सोडणाऱ्या माणसाच्या मुलाला एका जागी ठेवणे कोणत्याही शिक्षणपद्धतीच्या हाती नसते. ते काम जमिनीचे, मजुरीचे, झरीच्या परिषदेत ज्याची सुरुवात झाली त्या लढ्याचे. संघाच्या इतिहासात ही हतबलता लिहिलेली असावी, कारण ती आजही संपलेली नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. आदल्याच वर्षी अनुताई वयाच्या ५१ व्या वर्षी बी.ए. झाल्या होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. माँटेसरींचा वाढदिवसही तोच. पुढची जवळजवळ दोन दशके अनुताईंनी टेकडी सांभाळली, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिले, बालवाडी कशी चालवायची हे साध्या मराठीत पुन्हा पुन्हा सांगितले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी, सत्तरी उलटल्यावर, १९८२ साली रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली आणि डहाणूच्या आतल्या भागातल्या दाभोणला नवे काम मांडले. पुढे ऐने गावातल्या शाळेतून ग्राममंगलने प्राथमिक शिक्षणात जे करून दाखवले ते पाहायला राज्यभरचे शिक्षक जाऊ लागले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई गेल्या.

नाव आणि वारसा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पाड्यावरच्या तासाभराच्या प्रयोगाचे नाव खेड्याखेड्यांत पोचले, याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला वाटावा. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांनी लाखो मुले वाचली. मात्र नोंदवह्यांच्या आणि मोबाईलमध्ये भरायच्या माहितीच्या ओझ्याखाली शिक्षणाचा भाग मागे पडला. आहार शिजवून, वाटून, नोंदवून झाल्यावर सेविकेकडे मुलांसोबत गाणे म्हणायला किती वेळ उरतो, हे कोणत्याही अंगणवाडीत सकाळी दोन तास बसले की दिसते.

आणि ती सेविका स्वतः? पन्नास वर्षांनंतरही सरकारच्या लेखी ती मानसेवी आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. आपल्याला ग्रॅच्युइटी मिळायला हवी एवढे मान्य करून घेण्यासाठी अंगणवाडी कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २५ एप्रिल २०२२ रोजी तो निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस पुन्हा संपावर उतरल्या आणि तो संप जानेवारीतही चालू राहिला. ज्या बाईने मुलांना निर्धास्त ठेवायचे, तिचेच पोट टांगणीला लागलेले. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली ती स्वतःच्या इच्छेने. आज त्या त्यागाचा दाखला देऊन कोणी सेविकेला कमी पैशांत राबवत असेल, तर तो ताराबाईंच्या नावाचा गैरवापर आहे.

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच त्यात म्हटले आहे. ती मागण्याचा हक्क मुलाला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकसंध मानला, म्हणजे कोसबाडच्या विकासवाडीने सत्तर वर्षांपूर्वी जे जोडले होते ते कागदावर आले. धोरण म्हणजे कायदा नव्हे. शताब्दीच्या या वर्षात संघाने, त्याच्या माजी शिक्षिकांनी आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या बालशिक्षण संस्थांनी मिळून दोन मागण्या शासनापुढे ठेवाव्यात. तीन ते सहा वयाच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात यावा. आणि अंगणवाडीत शिकवणाऱ्या बाईला शिक्षिका म्हणावे, शिक्षिकेचे वेतन द्यावे.